हप्त्याहप्त्यानं रिटायर झालेला सूर्यभान

सूर्यभानअण्णाला रिटायर व्हायला तीन सीझन लागले. बाकीची माणसं एका दुपारी रिटायर होतात. शाल, नारळ, गणपतीची फ्रेम, चार जणांची तीच ती भाषणं आणि पाचच्या भोंग्याला गडी गेटच्या बाहेर. अण्णाचं तसं होणं शक्य नव्हतं. अण्णा पॅनमन होता, आणि पॅनमन गेला की साखर गेली, असं त्यानं अडतीस वर्षं स्वतःच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

साखर कारखान्यातला पॅन म्हणजे वरच्या मजल्यावर बसवलेलं घराएवढं बंद भांडं. उसाचा रस आटून तिथं येतो आणि तिथंच त्याची साखर होते. रस पुरेसा घट्ट झाला की त्यात साखरेची बारीक पिठी सोडायची. तिला आम्ही बी म्हणतो. बी वेळेवर पडलं की त्याच्यावर दाणा धरतो, दाणा वाढतो. उशीर झाला तर रस आपल्या मनानंच दाणे सोडतो, धुक्यासारखे, मोजता न येणारे. तो खोटा दाणा. खोटा दाणा खाली साखर गाळायच्या मशीनवर आला की जाळ्या बुजतात आणि मशीनवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार होतो. हे मला माहीत आहे, कारण मशीनवर अठ्ठावीस वर्षं मीच होतो.

तर ती बी टाकायची वेळ ओळखणं, एवढंच पॅनमनचं शास्त्र. पॅनला एक भोक असतं, त्यातून सळईनं थोडा माल काढायचा, काचेच्या पट्टीवर पसरून उजेडाला धरायचा, मग अंगठा आणि बोटात घेऊन ताणायचा. तार किती येते, त्यावर ठरवायचं. अर्ध्या तासात शिकवून होईल आणि दोन सीझन हात बसवायला लागतील, असं काम. अण्णानं त्याचं देवघर केलं होतं.

सळई काढली की तो पाठ करायचा. सगळ्यांकडं पाठ, तोंड भिंतीकडं, काच छातीशी. कोणी वाकून बघायला गेलं तर काच पुसून टाकायचा आणि म्हणायचा, आता दुसरी काढावी लागंल. कारखान्यानं पॅनला नवीन मीटर बसवले, तर त्यातल्या सगळ्यात उपयोगाच्या मीटरवर अण्णाच्या डब्याची पिशवी टांगलेली असायची. चीफ केमिस्ट आला की पिशवी निघायची, गेला की पुन्हा टांगली जायची. मी नवीन असताना एकदा जाळी पुसायचं फडकं खांद्यावर टाकून वर गेलो आणि विचारलं, अण्णा, तुम्ही नेमकं बघता काय. त्यानं माझ्याकडं जिन्याच्या पायरीकडं बघावं तसं बघितलं.

"तू खालचा हाईस," म्हणाला. "खालच्यानं जाळ्या धुवाव्या. ह्ये तुझ्या अकलंच्या भाईर हाय."

मी जाळ्या धुवायला गेलो. पण ते वाक्य काही धुतलं गेलं नाही.

आता असा माणूस साठीला आला. संचालक मंडळाला घाम फुटला. घाम फुटायचं कारण अण्णानंच पुरवलं होतं. रिटायर व्हायच्या आधीच्या सीझनला तो आठ दिवस रजेवर गेला, आणि त्या आठ दिवसांत त्यानं तयार केलेल्या दोन पोरांनी पाच वेळा खोटा दाणा काढला. पोरं बिचारी अण्णानं सांगितलं तसंच करत होती. अण्णानं सांगितलं होतं की तार दोन इंच आली की बी सोडायचं. दोन इंचाला रस कधीच हाताबाहेर गेलेला असतो. त्यातला एक पोरगा नोकरी सोडून पुण्याला डिलिव्हरीच्या कामाला लागला, दुसऱ्यानं बदली मागून घेतली. अण्णा रजेवरून आला, म्हणाला, आजकालच्या पोरांच्या हातात गुण न्हाई.

मग मंडळानं ठराव केला. अण्णाला एकदम सोडायचं नाही, हळूहळू सोडायचं. पहिल्या सीझनला आठवड्याचे सहा दिवस, दुसऱ्याला तीन दिवस, तिसऱ्याला फक्त बोलावल्यावर, आणि बोलावलं तर कारखान्याची बोलेरो घरी न्यायला जाईल. हुद्दा सल्लागार. बदल्यात एकच अट, नवीन माणूस तयार करून द्यायचा. ठराव वाचून दाखवला तेव्हा अण्णानं फक्त बोलेरोचं विचारलं. पांढरी का जुनी करडी.

फाट्यावर फ्लेक्स लागला. त्यावर चेअरमनचा फोटो ताटाएवढा, संचालकांचे वाटीएवढे आणि अण्णाचा खालच्या कोपऱ्यात, चहाच्या कपाच्या मापाचा. तरी तो फ्लेक्स उन्हानं फाटेपर्यंत अण्णा रोज त्याच्याखाली उभा राहून बसची वाट बघायचा. बसनं जायचं कुठंच नसायचं.

नवीन माणूस म्हणून जी आली ती शिफा. साखरेचा डिप्लोमा केलेली, चोवीस-पंचवीसची, आणि नूरमहंमदची थोरली लेक. नूरमहंमद म्हणजे अण्णाचा हेल्पर. वीस वर्षं अण्णाच्या उजव्या हाताला उभा राहिलेला, उंच, वाकलेला, खांद्यावर लाल टॉवेल. पुढं हेल्परचा असिस्टंट पॅनमन झाला तरी अण्णा त्याला नूऱ्याच म्हणायचा आणि तो अण्णांना अहोजाहो करायचा. पोरगी आपल्याच पॅनवर आली याचा नूरमहंमदला आनंद झाला का भीती वाटली, ते त्याच्या तोंडावरून कधी कळलं नाही. त्याच्या तोंडावरून कधी काहीच कळायचं नाही.

शिफा वही घेऊन आली. अण्णाला वही बघून आनंद झाला. वहीत वाटेल ते भरता येतं. त्यानं तिला सांगितलं, सळई काढल्यावर मनात अकरा आकडे मोजायचे, मग काच बघायची. बुडबुडा मेथीच्या दाण्याएवढा झाला पाहिजे. अमावस्येच्या आसपास तार जास्त ताणते, तेवढं धरून चालायचं. पॅनच्या पत्र्याला हात लावून त्याचं मन ओळखायचं. पोरगी मान खाली घालून सगळं लिहीत होती. मी खालून बघायचो आणि म्हणायचो, गेली ही पण पुण्याला.

पण शिफानं पानाच्या मधोमध रेघ मारली होती. डावीकडं अण्णा काय सांगतात, उजवीकडं प्रत्यक्षात काय होतं. उजवीकडं ती काहीच सोडत नव्हती. कोण कुठं उभं आहे, सळई कितव्यांदा काढली, घड्याळात किती वाजले, पिशवीखालच्या मीटरचा आकडा किती. दीड महिना झाल्यावर एका रविवारी तिनं घरी वही वाचायला घेतली. डावीकडं दर वेळी वेगळं होतं. उजवीकडं दर वेळी तेच होतं. नूरमहंमद सळई काढतो, चिमटीत माल घेतो, काच अण्णाला देतो. अण्णा भिंतीकडं तोंड करतो, काच बघतो, मग मान वळवून नूरमहंमदकडं बघतो. नूरमहंमदचा टॉवेल डाव्या खांद्यावरून उजव्या खांद्यावर जातो. अण्णा म्हणतो, हाण. बी पडतं. टॉवेल डावीकडं असला तर अण्णा म्हणतो, थांबा.

एकेचाळीस बी, एकेचाळीस टॉवेल.

तिनं बापाला वही दाखवली. नूरमहंमदनं ती मिटून ठेवली आणि सांगितलं. अण्णाची बोटं आठ वर्षांपूर्वी मेली. साखरेच्या आजारानं. आयुष्यभर साखर चिमटीत धरली आणि शेवटी तिनंच चिमूट बधिर केली. एकदा गरम माल त्याच्या अंगठ्याला चिकटला, फोड आला, कातडी निघाली, तरी अण्णा निवांत तार ताणत उभा. त्याला पत्ताच नाही. नूरमहंमदनं ते बघितलं. अण्णानं नूरमहंमदला बघताना बघितलं. दुसऱ्या दिवसापासून टॉवेल सुरू झाला. पॅनवर गोंगाट एवढा की खोकलं तरी कळत नाही, म्हणून टॉवेल. दोघं या विषयावर आठ वर्षांत एक अक्षर बोलले नाहीत.

हे ऐकून लोक म्हणतात, काय मनाचा मोठा माणूस. मला तसं वाटत नाही. नूरमहंमद भित्रा होता. बी त्याच्या अंदाजानं पडायचं, पण चुकलं तर चीफ केमिस्टची शिवी अण्णाच्या डोक्यावर पडायची, आणि ती सावली त्याला गोड लागत होती. कामाची सगळी विद्या त्याच्याकडं होती. फक्त ती आपली आहे असं म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून अण्णाच्या रजेत पोरं चुकत होती तेव्हाही तो मधे पडला नाही. आणि अण्णा? त्याला आपल्या हातात काही उरलेलं नाही हे पक्कं माहीत होतं, तरी दोन पोरांना त्यानं दोन इंचाची तार शिकवली. नसलेली गोष्ट लपवायला माणसाला लई मेहनत पडते.

घरी गोजरबाईला, म्हणजे अण्णाच्या बायकोला, हे सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. तव्यावरची भाकरी हा माणूस हातानं उलटतो आणि हाय म्हणत नाही, तेव्हाच तिनं ओळखलं होतं. तिनं त्याला सांगून बघितलं की आता बास करा. त्यावर तो म्हणाला, मी बसलो तर कारखाना बसंल. ती बाई मग पुन्हा बोलली नाही. शर्टाला इस्त्री मात्र करून ठेवायची, कारण इस्त्री नसली की बोलेरो आल्यावर घरात दंगा व्हायचा.

शिफानं बापाला दोन गोष्टी सांगितल्या. तुम्हाला जे येतं ते मला शिकवा, आणि टॉवेल घरी ठेवा. पहिली त्यानं ऐकली. दुसऱ्या सीझनला अण्णा तीन दिवसच यायचा. उरलेल्या दिवसांत बापलेक पॅनवर आणि रात्री जेवताना काकवीच्या वाटीवर तार ताणत बसायचे. दुसरी त्याला जमली नाही. अण्णाच्या तीन दिवसांत टॉवेल डावीकडून उजवीकडं जात राहिला.

तिसरा सीझन सुरू झाला. आता फक्त बोलावल्यावर. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, कोणी बोलावलं नाही. अण्णा रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर बसायचा. रस्त्यावर कुठलीही पांढरी गाडी दिसली की उभा राहायचा. एकदा पशुवैद्याच्या गाडीला हात केला म्हणतात. जहिरा, म्हणजे शिफाची आई, एकदा दळण घेऊन त्यांच्या दारावरून चालली होती, तर तिला बोलावून विचारलं, नूऱ्याच्या हातून सगळं बिघडतंय म्हनं? जहिरा म्हणाली, मला काय म्हाईत अण्णा, साखर तर गोडच लागती. हे सांगताना जहिरा अजून हसते.

जानेवारीत नूरमहंमदचा चुलता वारला, तिकडं खर्ड्याला. मातीसाठी तो पहाटेच्या गाडीनं गेला. शिफा शिफ्टला होती, तिला रजा मिळाली नाही. आणि नेमका त्याच्या आदल्या दोन दिवसांत कारखाना बंद पडून यार्डात ऊस साठलेला. शिळ्या उसाचा रस चिकट असतो, त्याची तार फसवी येते. चीफ केमिस्ट नवीन बदलून आलेला, मार्तंड नावाचा, कपाळावर गंध आणि खिशात चार पेनं. पॅनवर एकटी पोरगी आणि खाली शिळा ऊस, हे बघून त्याला मंडळाचा ठराव आठवला. त्यानं बोलेरो पाठवली.

सकाळी दहाला बोलेरो गेटात शिरली. अण्णा पुढच्या सीटवर, काच खाली, कोपर बाहेर. आधी कॅन्टीनला उतरला. चहा घेतला. शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, आता माझी आठवन झाली व्हय. वर पॅनचा रस घट्ट होत होता आणि हा बशीत फुंकर मारत होता. मग एकेका पायरीवर थांबत जिना चढला. खाली मशीनला माल नव्हता म्हणून मी पण मागोमाग वर गेलो. खोटं कशाला सांगू, मला बघायचंच होतं.

शिफानं सळई काढलेलीच होती. चिमटीत माल ताणून बघितला होता. ती मार्तंडसाहेबाला म्हणत होती की वेळ झाली, बी सोडू द्या. साहेब म्हणाला, अण्णा आलेत ना, अण्णांना बघू द्या. अण्णानं काच घेतली. आधी मीटरवर पिशवी टांगली, साहेब समोर उभा होता तरी. सवय. मग भिंतीकडं तोंड केलं. चिमटीत माल घेतला आणि ताणला. मग मान वळवली.

उजव्या बाजूला नूरमहंमद नव्हता. शिफा होती. तिनं ओढणी कंबरेला गाठ मारून बांधली होती. अण्णाचे डोळे तिच्या डाव्या खांद्यावर गेले, मग उजव्या खांद्यावर, मग पुन्हा डाव्या. असं मी माणसाला बघताना कधी बघितलं नाही. एस्टी चुकलेला माणूस सुद्धा रस्त्याकडं एवढं बघत नाही.

पॅनवर कुजबुजायची सोय नाही. जे बोलायचं ते ओरडूनच बोलावं लागतं.

"अण्णा," शिफा ओरडून म्हणाली, "टॉवेल खर्ड्याला गेलाय."

सहा-सात माणसं होती तिथं. सगळ्यांनी ऐकलं. कळलं तिघांनाच. ते दोघं, आणि मी, कारण वहीची गोष्ट तिच्या आईकडून माझ्या घरात आली होती. मार्तंडसाहेब इकडंतिकडं बघून विचारायला लागला, कसला टॉवेल, टॉवेल पाहिजे का अण्णांना, देऊ का. खालून कोणीतरी खरंच फडकं आणून दिलं.

आता इथं अण्णाला एक वाट होती. म्हणायचं, पोरी, माझी बोटं गेलीत, तूच सांग. एवढं म्हणाला असता तर मी त्याला आजन्म अण्णा म्हटलं असतं, आणि अदबीनं म्हटलं असतं. शिफा वाट बघत होती, ते मला दिसत होतं. तिनं पुन्हा सांगितलं, या वेळी बरंच खालच्या पट्टीत, तोंड त्याच्या कानापाशी नेऊन. काय सांगितलं ते तिनंच नंतर सांगितलं. म्हणाली होती, तुमी फक्त हाण म्हना, वेळ झालीय.

म्हणजे पोरीनं टॉवेल हलवलाच. शब्दानं हलवला. बापाचं रक्त.

पण नूरमहंमदचा टॉवेल मुका होता, म्हणून अण्णाला तो चालायचा. बोलणारी पोरगी चालली नाही. त्यानं फडकं हातात घेतलं, काच पुसली आणि म्हणाला, "थांबा. अजून टाईम हाय."

"साहेब, टाईम न्हाई," शिफा म्हणाली.

साहेबानं चार पेनांवर हात ठेवला आणि अण्णाची बाजू घेतली. थांबले. दहा मिनिटं थांबले, पंधरा मिनिटं थांबले. अण्णा पत्र्याला हात लावून पॅनचं मन ओळखत उभा होता. त्या हाताला पत्रा गरम का गार हे सुद्धा कळत नव्हतं. मग पॅनच्या काचेतून आत धुकं दिसायला लागलं. भरून आलेला पॅन खोट्या दाण्यानं पांढरा झाला.

शिफानं कोणाला विचारलं नाही. अण्णाला खांद्यानं बाजूला सारलं, मीटरवरची पिशवी काढून खाली ठेवली आणि पाणी सोडलं. सगळा खोटा दाणा विरघळवला, पुन्हा आटवायला घेतलं. दोन तास गेले. दुपारी साडेबाराला तिनं सळई काढली, चिमटीत ताणली, सगळ्यांच्या देखत, खिडकीच्या उजेडात. मार्तंडसाहेबाला काच दाखवली, मला दाखवली, फडकं आणणाऱ्याला दाखवली. मग बी सोडलं. दाणा असा धरला की संध्याकाळी माझ्या मशीनवर आला तेव्हा जाळीवर वाळू पडल्यासारखा आवाज येत होता.

अण्णा तोपर्यंत स्टुलावर बसून होता. जाताना साहेबाला म्हणाला, ऊस शिळा हुता. साहेब हो म्हणाला. बोलेरोनं त्याला घरी सोडलं. मागच्या सीटवर बसला होता. डब्याची पिशवी पॅनवरच राहिली, ती दोन दिवसांनी नूरमहंमदनं घरी नेऊन दिली. अण्णानं ती घेतली आणि खुंटीला टांगली. नूरमहंमद टॉवेल सावरून परत फिरला. ही दोन माणसं एकमेकांशी न बोलण्यात पटाईत होती.

त्यानंतर बोलेरो गेली नाही. सीझन संपून पट्टा पडताना सांगता समारंभ झाला, त्यात अण्णाला शेवटची शाल दिली. भाषणात चेअरमन म्हणाले, अण्णांनी आपली विद्या पुढच्या पिढीच्या ओंजळीत घातली. टाळ्या झाल्या. शिफा पॅन धुवायला गेली होती म्हणून ती तिथं नव्हती. अण्णानं हात जोडले आणि टाळ्या घेतल्या.

आता तो फाट्यावर ओंकारच्या हॉटेलात बसतो. सकाळी नऊ ते अकरा, पुन्हा चार ते सहा. आणि एक गंमत झाली आहे. अडतीस वर्षं ज्यानं काच छातीशी धरली, तो आता बाकड्यावर बसेल त्याला पॅनची विद्या देतो. मागितली नाही तरी देतो. सोनईच्या बाजाराला निघालेल्या बायांना देतो, खताच्या दुकानातल्या पोराला देतो, लसीकरणाला आलेल्या नर्सबाईला देतो. चहाच्या ग्लासात बोट बुडवून तार दाखवतो. चहाला तार कुठली येणार? तरी दाखवतो.

परवा मी तिथं होतो. अण्णानं एक शेळ्यांचा व्यापारी धरला होता. मच्छिंद्र नाव त्याचं, दोन शेळ्या टेम्पोची वाट बघत बाकड्याच्या पायाला बांधलेल्या. अण्णा त्याला सांगत होता की तार अर्धा इंच आली की थांबायचं नाही, बी सोडायचं. दोन इंचाची वाट बघितली की माल गेला. अर्धा इंच, ध्यानात ठेव.

शिफा स्कूटीवरून कामाला चालली होती, ओंकारकडं बिस्किटं घ्यायला थांबलेली. तिनं ते ऐकलं. स्कूटी स्टँडवर लावून जवळ आली.

"ह्ये आज खरं सांगितलं तुमी," ती म्हणाली. "शेळीवाल्याला."

अण्णा हसला. त्याला ती शाबासकी वाटली. म्हणाला, "तुला बी सांगितलं असतं पोरी, तू कदी नीट इचारलंच न्हाईस."

शिफानं बिस्किटाचा पुडा पर्समध्ये टाकला आणि गेली. मच्छिंद्रचा टेम्पो आला, त्यानं शेळ्या सोडल्या आणि अर्धा इंच तिथंच टाकून तो पण गेला. बाकड्यावर मी एकटा उरलो. अण्णा माझ्याकडं सरकला, ग्लासात बोट बुडवलं आणि म्हणाला, "तुला सांगतो, लई सोपं हाय."

मी म्हणालो, माझ्या अकलेच्या बाहेर आहे अण्णा. चहा तसाच अर्धा ठेवला आणि उठलो.